झिरोचा बल्ब

फहाहीलचा कॅम्प, खोली नंबर चौदा.
टेकबहादूर रात्रभर झोपत नाही, फोरमन म्हणाला,
त्याच्या बल्बात काहीतरी आहे, परकार, तुम्ही बघा.

भरदुपारी पडदा ओढला, बटण बंद केलं.
खरंच. बल्ब विझला, पण पुरता नाही.
नखाएवढा उजेड आत रेंगाळत राहिला.
"भाई आहे," टेकबहादूर म्हणाला.
भाऊ मागच्या वर्षी मचाणावरून गेलेला.

विश्राम नवा, संगमेश्वरचा,
आयटीआयच्या कागदाची घडीसुद्धा अजून मऊ नाही झालेली,
"बंदच आहे की चाचा, काढतो,"
म्हणत स्टुलावर चढलासुद्धा.
उतर, म्हटलं.
आधी खाली ये. मग वर कसं चढायचं ते सांगतो.

मेन पाड. पाडलास? टेस्टर लाव.
नाही पेटला? आता शेजारच्या खोलीत लावून बघ,
टेस्टरच मेलेला असला तर तुला कोण सांगणार?
चप्पल घाल. हात पूस, कोरडा होईपर्यंत पूस.
इथे जुलैत भिंतीसुद्धा घामेजतात,
विजेला ओलं बोट फार आवडतं.

आमच्या वेळी बल्ब म्हणजे काचेत कोंडलेला विस्तव.
केसाहून बारीक तार, वेटोळ्यावर वेटोळं,
त्या बोळातून विजेला धड जाता येईना,
घासाघासीतून ताप, तापातून उजेड,
तोही रुपयात पाच पैसे, बाकी नुसती धग.
हवा शिरली की तार गेलीच,
म्हणून आत आर्गन, कुणाशीच न बोलणारा वायू.
(आमच्या खोलीत कासारगोडचा कुंजाली होता तसा,
सहा वर्षांत दहा वाक्यं.)
त्याच खोलीत रात्रपाळीच्या मोतालेबनं
दिवसा डोळ्यांवर उजेड नको म्हणून
शंभराच्या बल्बला टॉवेल गुंडाळला.
आम्ही उठलो ते वासानं.
होल्डरवर चाळीस लिहिलेलं होतं,
कुणी वाचलेलं नव्हतं.
भोक टॉवेलालाच पडलं, एवढंच नशीब.

हा नवा बल्ब तसा जळत नाही.
आत मोहरीएवढे दाणे,
थेंबभर विजेनंही जागे होतात.
पण तो थेंब येतो कुठून?
बटणाचा डबा उघड, विश्राम.
बघ. लाल तार सरळ होल्डरला गेलीय,
बटणातून गेलीय ती काळी.
म्हणजे कुणीतरी मागचं दार लावलं
आणि पुढचं सताड उघडं ठेवलं.
विझलेल्या दिव्यात फेज उभीच होती,
मघाशी तू जिथे हात घालत होतास, तिथे.

विश्रामनं दोन्ही हात खिशात घातले.

काढ बाहेर, काम आहे.
लाल आधी बटणात, तिथून होल्डरच्या टिकलीला.
काळी आट्यांना.
उलटं केलंस तरी बल्ब लागेल,
तक्रार कुणी करणार नाही,
पण बदलणाऱ्याचं बोट नेमकं आट्यावरच पडतं,
आणि तो बदलणारा तूच असशील असं नाही.

मेन चढवला. बटण दाबलं, लागला.
दाबलं, गेला.
काळोख. पुरता.
टेकबहादूर बल्बाकडे बघत राहिला.
मग हळूच म्हणाला, "पहिल्यासारखं होईल का?"

नाही होणार, म्हटलं.
दुसरं काय म्हणणार होतो?
पडद्याच्या फटीतून अहमदीची ज्योत दिसत होती,
तेलाच्या चिमणीवरची,
तिला बटणच नाही.

संध्याकाळी बाजारातून झिरोचा बल्ब आणला, हिरवा,
होल्डरसकट. खाटेपासून हातभर लांब बसवला,
पडद्याला लागणार नाही, अंगावर पडणार नाही असा.
टेकबहादूरनं विचारलं, हा बंद केला की पुरता बंद होतो ना?
होतो.
त्यानं मान हलवली.
बटणाला हात लावला नाही.

जिन्यात विश्राम म्हणाला, झिरो म्हणजे वीज खातच नसेल, चाचा?
पंधरा वॅट खातो, म्हटलं.
मग झिरो का म्हणतात?
मला ठाऊक नाही. जिना बघून उतर,
इथला दिवा गेलाय.